लेकीकडे कॅलगरीला की लेकाकडे मेलबर्नला? निवृत्तीनंतरच्या लांब मुक्कामाचे व्हिसा

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय ६६. हे एसटीतून निवृत्त, वय ७१. राहतो नाशिकला. लेक-जावई कॅलगरीत, दोघंही कॅनडाचे नागरिक, त्यांना दोन मुलं. मुलगा मेलबर्नला, पर्मनंट रेसिडेंट, अजून एकटाच आहे. दोन्हीकडून सारखा एकच घोशा: आता पाहुण्यासारखं येऊ नका, राहायलाच या.

यांना मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवला. आता बरे आहेत, रोज गोदापार्कला चालून येतात.

वाचून जे समजलं ते लिहिते, चुकलं तर सांगा. कॅनडाचा सुपर व्हिसा, म्हणजे तिथे असलेल्यांच्या आई-वडील, आजी-आजोबांसाठीचा लांब मुक्कामाचा व्हिसा, २०११ च्या डिसेंबरात सुरू झाला. आधी एका वेळी दोन वर्षं राहता यायचं, ४ जुलै २०२२ पासून एका प्रवेशावर पाच वर्षं. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा, मधे हवं तेवढं ये-जा. फी माणशी १०० डॉलर, बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे, फोटो) वेगळे. ऑस्ट्रेलियाचा आई-वडिलांसाठीचा तात्पुरता व्हिसा, सबक्लास ८७०, हा २०१९ पासूनचा. तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, सगळं मिळून जास्तीत जास्त दहा वर्षं. त्याची फी मात्र सुरुवातीलाच तीन वर्षांसाठी ५,००० आणि पाच वर्षांसाठी १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होती, तीही माणशी, आणि नंतर वाढतच गेली. आकडा वाचून हे म्हणाले, एवढ्यात गावाकडच्या घराचं छप्पर नवं होईल.

कागदावर कॅनडा सरळ दिसतंय. पण कागदावर न दिसणारं तुम्ही सांगाल म्हणून इथे विचारते आहे.

पांढरी_वाट

काकू, आम्ही कॅलगरीतच. सासू-सासरे दोनदा सुपर व्हिसावर येऊन गेले.

आधी लेकीच्या घरातली माणसं मोजा. लेक, जावई, दोन मुलं आणि तुम्ही दोघं, म्हणजे सहा. सहा माणसांच्या घरासाठी सरकारनं ठरवलेलं किमान उत्पन्न तिला दाखवावं लागेल. तुमची भर त्या मोजणीत पडते हे बरेच जण विसरतात आणि चार माणसांचा आकडा बघून निर्धास्त राहतात. तिचं एकटीचं पुरत नसेल तर जावयांचं धरता येतं. करखात्याकडून आलेली नोटिस ऑफ असेसमेंट सोबत जोडायची.

वैद्यकीय तपासणी यादीतल्याच डॉक्टरांकडे होते, तुमच्या फॅमिली डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही. मुंबई-पुण्यात असे डॉक्टर आहेत.

विमा किमान १,००,००० कॅनडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा. पूर्वी तो कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा. २८ जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचाही चालतो, पण त्या कंपनीला कॅनडाच्या वित्तीय नियामकाची मान्यता हवी. भारतातली साधी प्रवास पॉलिसी घेऊन अर्ज करू नका.

आणखी एक. पासपोर्ट कधी संपतोय? विमानतळावरचा अधिकारी शक्यतो पासपोर्टच्या मुदतीपुढचा मुक्काम देत नाही. सासऱ्यांचा पासपोर्ट संपायला दीड वर्ष उरलं होतं, तर पाच वर्षांऐवजी दीडच वर्षाचा शिक्का मिळाला. आधी नवा पासपोर्ट, मग अर्ज.

जर्सीकर

अमेरिका तुमच्या यादीत नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. आमच्याकडे आई-वडिलांसाठी खास लांब मुक्कामाचा व्हिसाच नाही. बी-२ हा पाहुणा व्हिसा दहा वर्षांचा मिळतो, पण प्रत्येक वेळी साधारण सहा महिने, आणि तेही आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, जी तारीख पडेल ती खरी. मूल नागरिक आणि २१ च्या वरचं असेल तर आई-वडिलांचं ग्रीन कार्ड होतं, त्याला वार्षिक कोटा नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या पालकांना मात्र पाहुणा व्हिसाच.

आम्ही बाबांचं ग्रीन कार्ड हौसेनं केलं. त्यानंतर त्यांचं पेन्शन, पुण्यातल्या एफडीचं व्याज, सगळं अमेरिकेच्या कर-विवरणात आलं. भारतातली खाती मिळून १०,००० डॉलरच्या वर गेली की त्यांचं वेगळं विवरण भरायचं. भारतातल्या म्युच्युअल फंडांचे नियम तर इतके किचकट की त्यांनी सगळे युनिट विकून टाकले. आणि पुण्यात वर्षभर राहिले तर कार्ड सोडलं असं धरलं जाण्याची भीती, म्हणून जाण्याआधी रीएंट्री परमिट. बाबा म्हणायचे, मला राहायची परवानगी मिळाली आणि माझी जायची गेली.

शेवंती

काकू, काकांच्या मधुमेहाबद्दल आणि स्टेंटबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून हा प्रतिसाद. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे वाचा.

माझे वडील टोरांटोला माझ्याकडे आले होते. निघायच्या पाच आठवडे आधी पुण्यात बीपीची गोळी वाढवली. डॉक्टरांनी काळजीनंच वाढवली, म्हणाले लांबचा प्रवास आहे. इथे दुसऱ्याच महिन्यात छातीत दुखायला लागलं, दोन रात्री इस्पितळात काढल्या. विमा कंपनीनं पुण्याचे सगळे कागद मागवले आणि दावा नाकारला.

पॉलिसीत लिहिलेलं होतं, मीच नीट वाचलं नव्हतं. पूर्वीचा आजार विमा सुरू होण्याआधी १८० दिवस 'स्थिर' असला पाहिजे. आपण स्थिर म्हणजे तब्येत ठीक असं समजतो. त्यांच्या व्याख्येत नवी गोळी नको, डोस वाढलेला नको, कमी झालेलाही नको, सांगितलेली पण न केलेली तपासणी नको. बीपी उत्तम ताब्यात होतं. पण गोळी बदलली होती.

कुठल्या पॉलिसीत ही मुदत ९० दिवसांची असते, कुठे १८०, वय वाढलं की जास्तही. काही पॉलिसीत पूर्वीचे आजार मुळातच वगळलेले असतात, आणि तरी त्या सुपर व्हिसाच्या अटीत बसतात. व्हिसा देणारा एक लाख डॉलरचा आकडा बघतो. काकांचं हृदय त्यात धरलंय की नाही हे त्याचं काम नाही, ते आपल्यालाच बघायचं आहे.

म्हणून आधी काकांच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. गोळ्यांत जो काही बदल करायचा तो आत्ताच करून घ्या, आणि त्यानंतर सहा महिने मोजून तिकीट काढा. त्या बिलाचे हप्ते आम्ही बहीण-भावांनी दोन वर्षं फेडले. पैशाचं तितकं नाही. पण वडील तेव्हापासून माझ्याकडे यायला तयारच होत नाहीत, माझ्यामुळे तुम्हाला खड्डा पडला म्हणतात.

गोदाकाठ

शेवंती, तुझा प्रतिसाद यांना मोठ्यानं वाचून दाखवला. हे गप्पच झाले. मग उठून गोळ्यांची पिशवी आणली आणि कोणती गोळी कधी बदलली ते आम्ही वहीत लिहून काढलं. शेवटचा बदल अडीच महिन्यांपूर्वीचा निघाला. मी तो बदल धरलाच नव्हता, कारण डोस कमी झाला होता आणि आम्हाला आनंदच झाला होता.

यारातीर

ताई, मेलबर्नकडून. आईला ८७० वर आणलंय, म्हणून लिहितो.

हा दोन टप्प्यांचा व्यवहार आहे. आधी मुलाला प्रायोजक म्हणून मंजुरी घ्यावी लागते, त्यात त्याचं करपात्र उत्पन्न बघतात. ती मंजुरी आली की सहा महिन्यांच्या आत तुमचा अर्ज. फी दोन हप्त्यांत, काही अर्जासोबत आणि मोठा भाग व्हिसा मंजूर होताना. काम करता येत नाही. एक ८७० संपून दुसरा घ्यायचा तर मधे किमान ९० दिवस ऑस्ट्रेलियाबाहेर काढावे लागतात.

वैद्यकीय बाजू शेवंतींनी सांगितली तशीच, फक्त वेगळ्या रूपात. ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा काही देशांच्या लोकांना इथल्या मेडिकेअरचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, थोडा आधार मिळतो, कारण तसे करार आहेत. भारताशी तसा करार नाही. खासगी विमा घ्यायचा, आणि त्यात पूर्वीच्या आजाराच्या इस्पितळ खर्चाला बहुधा १२ महिने थांबावं लागतं. म्हणजे पहिलं वर्ष काकांच्या हृदयाला छत्र नाही. आईच्या बाबतीत ते वर्ष आम्ही श्वास रोखून काढलं.

कायमच्या व्हिसाबद्दल कोणी सांगेल म्हणून आधीच सांगतो. तुमच्या दोनपैकी एक मूल इथे, म्हणजे निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात हवीत ही अट तुम्ही पूर्ण करता. पण कॉन्ट्रिब्युटरी पेरेंट व्हिसाला माणशी ४०,००० डॉलरच्या वर खर्च आणि दहा वर्षांहून लांब रांग. साध्या पेरेंट व्हिसाची रांग तर तीस वर्षांच्या घरात सांगतात. ७१ व्या वर्षी त्या रांगेत कशाला उभं राहायचं?

मला विचाराल तर तुमच्या मुलाकडे सबक्लास ६०० वर, साध्या पाहुणा व्हिसावर या. तीन महिन्यांचा मुक्काम, जमलं तर एका वेळी वर्षापर्यंतचाही देतात. फक्त मंजुरीपत्रातल्या अटींचे क्रमांक वाचा. ८५०३ असेल तर इथे राहून मुदत वाढवता येत नाही. ८५५८ असेल तर कोणत्याही १८ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही.

मुचकुंदी

आम्ही रत्नागिरीचे, मुलगा दुबईत. आई-वडिलांना मुलाच्या नावावर रेसिडेन्सी मिळते, दरवर्षी नूतनीकरण. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की ती रद्द होते. स्वतःच्या पैशावर राहायचं तर ५५ वर्षांपुढच्यांना पाच वर्षांचा रिटायरमेंट व्हिसा आहे, त्याला दहा लाख दिरहमची बचत किंवा मालमत्ता किंवा ठरावीक मासिक उत्पन्न लागतं. मुंबईहून तीन तासांत पोचतो, दुखलं-खुपलं तर संध्याकाळच्या विमानानं घरी. हे सुख कॅनडावाल्यांना नाही. मे ते सप्टेंबर मात्र घराबाहेर पडवत नाही.

थेम्सची_लेक

इंग्लंडचं दोन ओळींत. ९ जुलै २०१२ पासून पालकांना कायमचं आणायचं तर त्यांना रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागतेच आणि ती मदत भारतात पैसे देऊनही मिळत नाही हे सिद्ध करावं लागतं. पुण्यात बाई मिळते, नर्स मिळते, म्हणून नकार. माझी आई एकटी आहे, एवढं कारण त्यांना पुरत नाही. पाहुणा व्हिसावर सहा-सहा महिने, बस.

निवांत५८

मुलांच्या मागे न जाताही परदेशी राहता येतं, म्हणून आमचं सांगतो. आम्ही दोघं थायलंडमध्ये चिआंग माईला चार वर्षं आहोत. पन्नाशी पूर्ण हवी. तिथल्या बँकेत आठ लाख बाट ठेवायचे, किंवा महिना ६५,००० बाटचं उत्पन्न दाखवायचं. वार्षिक मुदतवाढीच्या दोन महिने आधी ते आठ लाख खात्यात हवेत, नंतरचे तीन महिने हलवायचे नाहीत, आणि पुढेही चार लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. री-एंट्री परमिट न घेता देश सोडला तर मुदतवाढ गेली. दहा वर्षांचा एलटीआर (लाँग-टर्म रेसिडेंट) व्हिसा २०२२ च्या सप्टेंबरपासून आहे, पण त्याला वर्षाला ८०,००० डॉलरचं उत्पन्न लागतं, किंवा त्याच्या निम्मं असेल तर मोठी गुंतवणूक. आपल्या पेन्शनीत ते बसत नाही.

आठ लाख बाट म्हणजे वीस-बावीस लाख रुपये. ते पाठवताना आर्थिक वर्षात दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरण भरल्यावर परत मिळतो, पण तेवढे महिने पैसे अडकतात. ती तजवीज आधी करा.

खातेवही

बँकेतून निवृत्त आहे, भारताकडची बाजू लिहितो. व्हिसाच्या धाग्यांवर ही कायम राहून जाते.

पहिलं हयातीच्या दाखल्याचं. ताई, तुमचं पेन्शन कोषागाराचं, म्हणजे नोव्हेंबरात दाखला. काकांचं एसटीचं, म्हणजे ईपीएस-९५, भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना, असणार. तिथे नोव्हेंबरचं बंधन नाही, ज्या दिवशी दाखला द्याल तिथून वर्षभर चालतो. दोघांनाही मोबाइलवरून चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, करता येतं. पण निघण्याआधी इथेच एकदा करून बघा, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर परदेशात चालू ठेवा. ओटीपी आला नाही म्हणून महिनोन् महिने अडलेली माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत.

दुसरं मुखत्यारपत्र. ते इथे असतानाच नोंदवून जा. परदेशात केलं तर भारतीय वकिलातीत साक्षांकन, आणि कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, तेव्हा प्रत्येक खात्यात काहीतरी हालचाल ठेवा.

तिसरं कराचं, इथे सर्रास गैरसमज आहे. १८२ दिवस बाहेर राहिलो की आपण एनआरआय, असं पालक सांगत असतात. परदेशी नोकरीसाठी निघालेल्याला १८२ चा नियम आहे. लेकीकडे राहायला जाणाऱ्या आईला तो लागत नाही. मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात काढले असतील, तर या वर्षी नुसते ६० दिवस इथे राहिलं तरी तुम्ही करासाठी निवासीच. तुमच्या दृष्टीनं ते बरंच आहे, कारण ठेवींवर टीडीएस कापू नका असा जो फॉर्म ज्येष्ठ नागरिक देतात, तो निवासींसाठीच असतो. तिकडे कॅनडात मात्र एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवस झाले की त्यांचा करनियम लागू होऊ शकतो. दोन देशांत करार आहे, पण लेकीला तिथल्या सीएशी बोलून ठेवायला सांगा.

ऑकलंडवासी

भर घालतो. न्यूझीलंडनं २९ सप्टेंबर २०२५ पासून पेरेंट बूस्ट व्हिसा सुरू केलाय. पाच वर्षं, पुन्हा एकदा घेऊन दहा. त्यातही आरोग्यविम्याची अट कडक आहे. मुलं इथे असतील त्यांनी बघावा.

पांढरी_वाट

काकू, पुन्हा येते. पाच वर्षं मिळतात म्हणून पाच वर्षं राहायचं, असं मनात असेल तर एक हिवाळा आधी राहून बघा. सासूबाई पहिल्या वेळी ऑक्टोबरात आल्या आणि एप्रिलपर्यंत घरात अडकल्या. उणे २५ मध्ये फुटपाथवर काळा बर्फ असतो, दिसत नाही, पाय घसरला की खुबा मोडतो. आम्ही दिवसभर कामावर, मुलं शाळेत, गाडी चालवता येत नाही, बस थांबा पंधरा मिनिटांवर. खिडकीशी बसून त्या शेजारच्या घराची दारं मोजायच्या. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण आग्रह माझाच होता. दुसऱ्या वेळी मेमध्ये आल्या, बागेत मेथी लावली, ग्रंथालयात मैत्रिणी मिळाल्या, सप्टेंबरात हसत परत गेल्या.

कऱ्हाकाठ

हा प्रश्न कोणी काढत नाही, म्हणून जड मनानं काढतो. वडील एडमंटनला गेले. म्हणजे तिथेच वारले. पॉलिसीत पार्थिव भारतात आणण्याचा खर्च होता, पण आईनं तिथेच अग्नी द्यायचं ठरवलं. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, वकिलातीचं पत्र, एवढं घेऊन अस्थी मी विमानातून मांडीवर आणल्या आणि तुमच्याच नाशकात रामकुंडात विसर्जन केलं. ताई, तुम्ही दोघं यावर एकदा बोलून घ्या आणि काय हवं ते मुलांना सांगून ठेवा. आम्हाला ते त्या रात्री आईला विचारावं लागलं.

गोदाकाठ

कऱ्हाकाठ, तुम्ही रामकुंडाचं लिहिलंत आणि मी बराच वेळ फोन बाजूला ठेवला. काल रात्री आम्ही दोघं बोललो. पहिल्यांदाच. मुलांना रविवारी सांगणार आहोत.

सगळ्यांचं वाचून वहीत एक कॅलेंडर आखलं. कॅलगरीचा उन्हाळा मे ते सप्टेंबर. ऑक्टोबर-नोव्हेंबर नाशिक: दिवाळी, माझा हयातीचा दाखला, यांच्या तपासण्या, घराची झाडलोट. मग डिसेंबर ते फेब्रुवारी मेलबर्न, तिथे तेव्हा उन्हाळा. मार्च-एप्रिल पुन्हा घरी. दोन्ही मुलं एकाच वर्षात करायची नाहीत, एक वर्ष लेक, एक वर्ष लेक... म्हणजे मुलगा. एवढा प्रवास यांना झेपणार नाही.

आता शंका अशी की एकदा पाचच महिने राहायचं ठरलं, तर सुपर व्हिसा घ्यावा का?

पांढरी_वाट

काकू, मग साध्या पाहुणा व्हिसावर भागेल. एका वेळी सहा महिने मिळतात, उत्पन्नाची अट नाही, विमा सक्तीचा नाही. पण घ्या मात्र नक्की, आणि शेवंती म्हणाली तो बघून घ्या. फक्त २०२४ च्या नोव्हेंबरपासून दहा वर्षांचा सरसकट देत नाहीत, किती वर्षांचा द्यायचा ते अधिकारी ठरवतो. दर दोन वर्षांनी येण्याचं खरंच मनात असेल तर सुपर व्हिसाचा विचार तेव्हा करा. आणि समजा इथे असताना काकांची तब्येत बिघडली, लगेच परतणं जमलं नाही, तर सहा महिने संपायच्या आधी मुदतवाढीचा अर्ज इथूनच करता येतो.

यारातीर

अनुमोदन. मेलबर्नसाठीही ६०० पुरेल. एवढी फी भरून ८७० घेतला की फी वसूल व्हावी म्हणून माणूस मन लागत नसताना राहतो. आईला मी तसं राहताना पाहिलंय.

शेवंती

काकू, तारखा ठरवण्याआधी गोळ्यांची वही पुढे ठेवा. शेवटचा बदल अडीच महिन्यांपूर्वीचा ना? मग १८० दिवस अजून साडेतीन महिन्यांनी पूर्ण होतात. त्यात पुन्हा काही बदललं तर मोजणी पहिल्यापासून.

गोदाकाठ

बदललंच बाई. काल हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, कोलेस्टेरॉलची गोळी पुढच्या वर्षी बदलणारच होतो, मग आजच बदलू. स्ट्रेस टेस्टही लगेच करून घेतली. म्हणजे आता सहा महिने कालपासून. लेकीला फोन केला, या मेला नाही, पुढच्या मेला येतो म्हणून. रडली थोडी. मग म्हणाली, थांबते, पण बाबांना नीट घेऊन ये.

यांचा पासपोर्ट संपायला चौदा महिने आहेत. सोमवारी पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ मिळाली आहे. तिथे जुन्या पासपोर्टवरचा पत्ता सिडकोतल्या आधीच्या घराचा आहे, त्यासाठी कोणते कागद चालतात ते कोणाला माहीत असेल तर इथेच लिहा.